ज्याचा चेहरा, त्याला विचारा

आपला फोटो भलत्याच जाहिरातीत, खोट्या प्रोफाइलवर किंवा कुणाच्या टिंगलीच्या पोस्टमध्ये सापडला, की जाब पहिल्यांदा त्याच माणसाला विचारला जातो: ‘मग टाकलासच कशाला नेटवर?’ जे सगळ्यांना दिसतं ते सगळ्यांचं असतं, अशी समजूत या प्रश्नामागे आहे. ती कायद्याला धरून नाही, आणि एरवीच्या व्यवहारात आपणही ती कुठे मानत नाही. वाचनालयातलं पुस्तक कुणीही वाचू शकतं, म्हणून ते छापून विकायला कुणी मोकळा होत नाही. फोटोच्या बाबतीत मात्र ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’ एवढी ओळ खाली टाकली की परवानगी मिळाली, असं धरून लोक चालतात. इंटरनेट कुणाला सौजन्य दाखवत नाही. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की फोटो कुणाचा आहे हे शोधायची तसदी घेतली नाही.

फोटोवर एकाच वेळी दोन माणसांचे हक्क असतात. कॅमेऱ्यामागे असतो त्याचा प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट. प्रताधिकाराचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा. तो मानणाऱ्या देशांत शटर दाबल्या क्षणी हा हक्क लागू होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, फोटोवर नाव किंवा शिक्का लागत नाही. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल, तर काही देशांत हा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. भारताचा १९५७ चा कायदा, वेगळा करार नसेल तर, तसंच सांगतो. कॅमेऱ्यासमोर असतो त्याचा हक्क निराळा आहे. तो स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क आहे, आणि फोटो कुणी काढला याच्याशी त्याचा संबंध नाही. सेल्फीत दोन्ही हक्क एकाच माणसाकडे असतात. मैत्रिणीने काढलेल्या फोटोत ते वेगळे होतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

हा दुसरा हक्क इंटरनेटमुळे उपटलेला नाही. न्यूयॉर्क राज्यात एका पिठाच्या कंपनीने एका तरुण मुलीचं चित्र तिला न विचारता जाहिरातीवर छापलं, आणि सुमारे २५,००० प्रती दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत लागल्या. १९०२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की असा हक्क कायद्यात नाही. लोकांना हे इतकं खटकलं, की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, विधिमंडळाने कायदा केला: जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी कुणाचं नाव वा चित्र वापरायचं तर लेखी संमती हवी. जर्मनीत कारण वेगळं घडलं. १८९८ मध्ये माजी चॅन्सलर बिस्मार्क वारल्यावर दोन फोटोग्राफर रात्री खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. न्यायालयाला त्यांना रोखण्यासाठी घरात बेकायदा घुसल्याचा आधार शोधावा लागला, कारण चेहऱ्यावरच्या हक्काचं कलमच नव्हतं. १९०७ च्या कायद्याने ते आलं. माणसाची प्रतिमा त्याच्या संमतीनेच प्रसृत करता येईल, हे त्याचं २२ वं कलम आजही लागू आहे.

म्हणजे तत्त्व शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य झालं. ते अमलात आणायची वाट मात्र चेहऱ्याच्या मालकासाठी अजून अरुंद आहे, आणि फोटो काढणाऱ्यासाठी रुंद.

२००७ मध्ये व्हर्जिन मोबाइल ऑस्ट्रेलिया या फोनकंपनीने जाहिरातींसाठी फ्लिकर या फोटो ठेवायच्या संकेतस्थळावरचे फोटो घेतले. त्यात अमेरिकेतल्या एका अल्पवयीन मुलीचा फोटो होता. तो तिच्या ओळखीच्या माणसाने काढून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरू देणाऱ्या, परवान्याखाली ठेवला होता. त्या परवान्यानुसार श्रेय देऊन व्यापारी वापरही चालत होता. फोटो ऑस्ट्रेलियातल्या बसथांब्यांवर झळकला, वर मुलीची खिल्ली उडवणाऱ्या मजकुरासह. मुलीला विचारलं नव्हतं, तिच्या घरच्यांनाही नाही. टेक्ससमध्ये दावा झाला, पण ऑस्ट्रेलियन कंपनीवर आपला अधिकार चालत नाही, या कारणावरून २००९ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना फक्त प्रताधिकाराचा असतो. त्याच्या २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत तर खासगीपणा आणि प्रतिमा यांबद्दलचे हक्क त्यात येत नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. परवाना देणारा माणूस दुसऱ्याचा चेहरा देऊ शकत नाही. फोटो विकणाऱ्या संस्था ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची सही केलेलं संमतिपत्र वेगळं मागतात ते याचसाठी. ‘फ्री’ लिहिलेल्या संकेतस्थळावरून फोटो उतरवून घेणाऱ्याने हे संमतिपत्र आहे का, ते बघितलं पाहिजे. बहुतेक वेळा बघितलं जात नाही.

फोटो दुसरीकडे पुन्हा चढवणं ही नुसती ‘कॉपी’ नव्हे, हेही युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये स्पष्ट केलं. एका शाळकरी विद्यार्थ्याने प्रवासाच्या संकेतस्थळावरून कोर्दोबा शहराचा फोटो घेऊन आपल्या निबंधात लावला आणि शाळेने तो निबंध स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला. मूळ फोटो सगळ्यांना फुकट दिसत होता, खाली श्रेयही दिलं होतं. तरी न्यायालय म्हणालं, की तो नव्या जागी ठेवायला नवी परवानगी लागते. कारण नेमकं आहे: मूळ मालकाने आपल्या जागेवरून फोटो काढला, तरी दुसऱ्या जागेवरचा तसाच राहतो. आपला फोटो मागे घेण्याची ताकदच त्याच्या हातून जाते.

आता ज्याचा फोटो उचलला गेला त्याने काय करायचं ते. इथे पहिल्या तासात होणाऱ्या चुका पुढे महागात पडतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरच्याला लगेच मेसेज करणं. तो प्रोफाइलचं नाव बदलतो, तुम्हाला ब्लॉक करतो, आणि हातात काही उरत नाही. दुसरी चूक, ‘बघा हा माझा फोटो वापरतोय’ म्हणून तोच फोटो आपण सगळीकडे पाठवणं. तिसरी, घाबरून आपल्या खात्यावरचा मूळ फोटो काढून टाकणं. तो आधी तुमच्याकडे होता, याचा तारखेसह पुरावा त्यामुळे जातो. खातं खासगी करा, पण पोस्ट पुसू नका.

पुरावा म्हणजे नुसत्या फोटोचा स्क्रीनशॉट नव्हे. पूर्ण पान, वरची पत्त्याची ओळ, दिनांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट हवा. पोस्टची थेट लिंक, प्रोफाइलची लिंक आणि युजरनेम लिहून ठेवावं. दाखवायचं नाव हवं तेव्हा बदलता येतं, म्हणून त्यावर विसंबू नये. पान पीडीएफ करून ठेवलं तर उत्तम. वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीन या जाहीर संग्रहात पानाची प्रत साठवता येते आणि जाहिरातीसारख्या प्रकरणात तो भक्कम पुरावा ठरतो. पण फोटो खासगी किंवा नग्न असेल तर हे मुळीच करू नये, कारण त्याने आणखी एक जाहीर प्रत तयार होते. आपल्याकडची मूळ फाइल कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आहे तशी जपावी. मेसेजिंग अ‍ॅपमधून फिरलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, आणि त्यातली कॅमेरा, दिनांक, स्थळ ही एक्झिफ माहिती बहुधा गळून पडलेली असते. एक्झिफ माहिती बदलताही येते, म्हणून त्याच वेळी काढलेले आधीचे-नंतरचे फोटो ठेवणं जास्त उपयोगाचं. उचलणाऱ्याकडे एकच फोटो असतो, सगळी मालिका फक्त मूळ माणसाकडे असते.

फोटो आणखी कुठे गेला ते शोधायला रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे फोटो देऊन त्याच्या प्रती शोधणं, आहे, पण एकाच ठिकाणी शोधून थांबू नये. गुगल लेन्स, बिंग, यांडेक्स आणि टिनआय यांचे साठे वेगवेगळे आहेत. टिनआय तंतोतंत तोच फोटो हुडकतं आणि जुन्यात जुनी नोंद आधी लावूनही दाखवू शकतं, त्यामुळे आधी कोण हे ठरवायला मदत होते. पूर्ण फोटो टाकून शोधा, मग फक्त चेहरा कापून, मग फक्त मागची पार्श्वभूमी कापून, आणि शेवटी फोटो आडवा उलटवून. खोटी प्रोफाइल चालवणारे आरशातल्यासारखा उलटा केलेला फोटो लावतात, ते या शोधाला चकवण्यासाठीच. प्रेमाचं नाटक करून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांचं हे नेहमीचं तंत्र आहे. त्यात दोन माणसं नाडली जातात: एक पैसे गमावणारा, आणि दुसरा तो, ज्याचा फोटो लावला होता आणि ज्याला अनोळखी माणसांच्या शिव्या खाव्या लागतात.

तक्रार करताना प्रकार बरोबर निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. खोटी प्रोफाइल ‘स्पॅम’ म्हणून कळवली तर स्पॅमचे निकष लावले जातात, त्यात काही सापडत नाही, आणि तक्रार बंद होते. ‘माझं सोंग घेतलं आहे’ हा प्रकार निवडून ज्याचा चेहरा आहे त्याने स्वतः कळवलं पाहिजे. पन्नास मित्रांनी भलत्या प्रकारात केलेल्या तक्रारींपेक्षा योग्य माणसाची योग्य प्रकारातली एक तक्रार लवकर पोचते. ओळखपत्र मागितलं तर नाव आणि फोटो सोडून बाकीचे आकडे झाकून पाठवता येतात का, ते आधी पाहावं.

फोटो स्वतंत्र संकेतस्थळावर असेल तर आधी संकेतस्थळाच्या मालकाला लिहावं. उत्तर आलं नाही तर ते ज्याच्या सर्व्हरवर ठेवलं आहे, त्या होस्टिंग कंपनीच्या तक्रार विभागाला. ती कंपनी कोण, हे हूइज या इंटरनेट-पत्त्यांच्या जाहीर नोंदीत शोधता येतं. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा मध्ये असली की खरा सर्व्हर झाकलेला असतो; तेव्हा त्या सेवेकडे तक्रार करावी, म्हणजे ती पुढे पोचते. शोधयंत्रातून निकाल काढून घेणं ही वेगळी पायरी आहे. त्याने फोटो सापडायचा थांबतो, पान मात्र जागेवरच असतं.

आता कळीचा मुद्दा. या सगळ्यात सर्वात वेगाने चालतं ते प्रताधिकाराचं हत्यार. अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए कायदा सांगतो, की नियमाप्रमाणे नोटीस मिळताच मजकूर तत्परतेने काढला, तर तो मजकूर ठेवणाऱ्या कंपनीला नुकसानभरपाईची झळ लागत नाही. नोटिशीत सही, आपली कृती कोणती, ती कुठे वापरली त्याची नेमकी लिंक, संपर्काचा पत्ता, हा वापर विनापरवाना असल्याची सद्भावनेने केलेली खात्री, माहिती बरोबर असल्याचं विधान, आणि तक्रारीचा अधिकार आपल्याला आहे असं शपथेवर केलेलं विधान, एवढं लागतं. समोरच्याने प्रतिनोटीस दिली आणि तक्रारदाराने दावा लावला नाही, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत फोटो परत लागतो. म्हणून फोटो एकदा निघाला की प्रकरण मिटलं, असं समजू नये.

ही वाट फक्त प्रताधिकार असणाऱ्याला खुली आहे. मैत्रिणीने काढलेला तुमचा फोटो असेल तर नोटीस मैत्रिणीने द्यायची, किंवा तिने लेखी हक्क तुमच्या नावे करायचे. स्वतःच सही ठोकली तर ते शपथेवरचं खोटं ठरतं. शिवाय नोटीस देणाऱ्याचं नाव आणि पत्ता समोरच्याच्या हाती पडू शकतो, आणि अनेक कंपन्या अशा नोटिसा ल्युमेन या जाहीर संग्रहात पाठवतात. पाठलाग करणाऱ्या माणसापासून सुटका हवी असलेल्या बाईने स्वतःचा पत्ता त्यालाच द्यायचा, असा हा प्रकार होतो. अशा वेळी वकिलाच्या किंवा प्रतिनिधीच्या नावाने नोटीस द्यावी.

कंपन्या एकीकडे इतक्या तत्पर आणि दुसरीकडे इतक्या मंद का, याचं उत्तर त्यांच्या चांगुलपणात शोधून उपयोग नाही. मोठ्या कंपन्या अमेरिकी आहेत. तिथल्या १९९६ च्या कायद्याचं २३० वं कलम त्यांना वापरकर्त्यांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मोकळं करतं, आणि बौद्धिक संपदेला त्यातून वगळतं. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष केलं तर पैसे जाऊ शकतात. फोटोतल्या माणसाच्या तक्रारीकडे केलं तर बहुधा काहीच जात नाही. म्हणून माणसांना आपल्या चेहऱ्याच्या रक्षणासाठी फोटोग्राफर असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं. हे उलटं आहे, आणि ते कायदा बदलूनच सुलटं होईल.

अशी सोय करता येते हे दिसलेलं आहे. नग्न किंवा लैंगिक फोटोंच्या बाबतीत जगाला जाग आली. भारताने २०२१ मध्ये केलेल्या नियमांत अशा फोटोंसाठी, तसंच सोंग घेऊन किंवा जोडजुळव करून बनवलेल्या फोटोंसाठी, तक्रारीनंतर २४ तासांची मुदत घातली. अमेरिकेने मे २०२५ मध्ये कायदा करून संमतीविना पसरवलेल्या लैंगिक फोटोंसाठी, यंत्राने बनवलेल्या बनावट फोटोंसह, ४८ तास ठरवले. स्टॉपएनसीआयआय ही सेवा २०२१ च्या अखेरीपासून चालू आहे: फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फोनवरच त्याचा हॅश म्हणजे आकड्यांचा ठसा तयार होतो, आणि जुळणारा फोटो अडवायला सहभागी कंपन्यांकडे तेवढाच ठसा जातो. ती प्रौढांसाठी आहे. फोटोच्या वेळी १८ पेक्षा लहान असलेल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे. ठशाला मर्यादा आहेत: फोटो जास्त कापला, वर मजकूर चिकटवला, तर जुळणी हुकू शकते, सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर आणि कूटबद्ध मेसेजमध्ये तो चालत नाही. तरीही धमकी आल्या क्षणी, फोटो पसरण्याआधीच, हे करून ठेवता येतं. धमकी देणाऱ्याला पैसे देऊन सुटका होत नाही, मागणी वाढते.

मग कपडे घातलेल्या चेहऱ्याने काय घोडं मारलं आहे? लग्नाळू म्हणून, रोगी म्हणून, गुन्हेगार म्हणून, एखाद्या मताचा प्रचारक म्हणून कुणाचा साधा फोटो लावला, तर त्या माणसाची नोकरी आणि नाती तितकीच धोक्यात येतात. युरोपीय संघाचा २०२२ चा डिजिटल सेवा कायदा इथे पुढे गेला आहे. कुठल्याही बेकायदा मजकुराबद्दल नोटीस देण्याची सोय कंपनीने ठेवली पाहिजे आणि निर्णय कारणांसह कळवला पाहिजे, असं तो सांगतो. डेन्मार्कने २०२५ मध्ये त्याहून पुढचा प्रस्ताव मांडला: माणसाच्या चेहऱ्याच्या आणि आवाजाच्या बनावट नकलांविरुद्ध त्याला प्रताधिकाराच्याच कायद्यात हक्क द्यायचा.

यावर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. असा हक्क दिला तर सत्तेवरचे लोक गैरसोयीचे फोटो काढून घेतील, बातमीदारी आणि रस्त्यावरची छायाचित्रण-कला गुदमरेल. भीती खरी आहे. खोट्या प्रताधिकार-नोटिसा देऊन टीका दाबण्याचे प्रकार आजही होतात. पण अपवाद लिहिता येतात, आणि जर्मनीच्या त्याच जुन्या कायद्याने ते लिहिले आहेत: सार्वजनिक घडामोडींतल्या व्यक्ती, देखाव्यात सहज आलेली माणसं, सभा आणि मिरवणुका. कर्तव्यावरचा पोलीस आणि भाषण करणारा मंत्री यांना ‘माझा चेहरा’ म्हणता येऊ नये. फोटो कुठून घेतला यापेक्षा तो कशासाठी वापरला याला कायद्याने वजन द्यावं. जाहिरात, सोंग, बदनामी, आणि चेहरे ओळखणारी यंत्रणा उभारणं, या चार वापरांना संमतीशिवाय सूट नको.

चौथा वापर बहुतेकांच्या नजरेआड घडतो. २०१९ मध्ये आयबीएमने चेहऱ्यांच्या अभ्यासासाठी फ्लिकरवरच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालच्या फोटोंतून सुमारे १० लाखांचा संच तयार केला. काढून घ्यायचा मार्ग होता, तो फोटो टाकणाऱ्याने लिंका कळवायच्या असा. आणि कोणते फोटो घेतले त्याची यादीच जाहीर नव्हती. फोटोतल्या माणसाला तर कुणी विचारलंच नाही. क्लिअरव्ह्यू या चेहरे ओळखणारी यंत्रणा विकणाऱ्या कंपनीने सोशल मीडियावरून ३०० कोटींहून अधिक फोटो गोळा केल्याचं २०२० मध्ये उघड झालं. नेदरलँड्सच्या नियामकाने २०२४ मध्ये तिला ३ कोटी ५ लाख युरो दंड ठोठावला. अशा संचातून तुमचा फोटो नंतर काढला, तरी त्यावर शिकून तयार झालेलं यंत्र ते शिकलेलं विसरत नाही. म्हणून इथे संमती आधीच घेतली गेली पाहिजे, नंतरच्या तक्रारीने भागत नाही.

ज्यांना दुसऱ्याचा फोटो खरोखर वापरायचा आहे, त्यांच्यासाठी काम अवघड नाही. फोटो काढणाऱ्याला आणि फोटोतल्या माणसाला, दोघांना लिहावं. कुठे वापरणार, कशासाठी, किती काळ, शेजारी कोणता मजकूर असेल, फोटो कापणार किंवा बदलणार का, हे त्यात असावं. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. लहान मुलाचा फोटो असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि समजत्या वयाच्या मुलालाही विचारावं. होकार नंतर मागे घेतला, तर फोटो कसा आणि किती दिवसांत काढणार तेही आधीच कळवावं. एवढं लिहायला दहा मिनिटं पुरतात.

आणि कायदा करणाऱ्यांकडे मागणं असं आहे. चेहऱ्याच्या मालकाने दिलेल्या नोटिशीला प्रताधिकाराच्या नोटिशीइतकंच वजन हवं: ठरलेला नमुना, ४८ तासांची मुदत, दुर्लक्ष केलं तर कंपनीवर जबाबदारी. तक्रारदाराचा पत्ता समोरच्याला देऊ नये. समोरच्याला उत्तर द्यायची संधी असावी आणि जाणूनबुजून खोटी नोटीस देणाऱ्याला दंड असावा. एकदा तक्रार खरी ठरली, की त्या फोटोचा ठसा कंपनीने जपून ठेवावा आणि तोच फोटो नव्या खात्यावरून चढला तर तो स्वतः अडवावा. हे तंत्र कंपन्यांकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. मायक्रोसॉफ्टचं फोटोडीएनए २००९ चं, फेसबुकने (आताच्या मेटाने) पीडीक्यू हे तसंच तंत्र २०१९ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. तरी आज, तोच फोटो विसाव्यांदा चढला की विसाव्यांदा शोधायचं, विसाव्यांदा लिंक भरायची आणि विसाव्यांदा ओळखपत्र पाठवायचं काम ज्याचा चेहरा आहे त्याच्याच गळ्यात पडतं.